सीरियल कन्सोलवर लॉगिन होत नाही तेव्हा: एम्बेडेड लिनक्स उपकरणातील दोष शोधण्याची पद्धत

एम्बेडेड लिनक्स उपकरणाच्या सीरियल कन्सोलवर, म्हणजे सीरियल तारेने जोडलेल्या मजकुराच्या पडद्यावर, लॉगिन होत नाही, ही तक्रार एका वाक्यात सांगता येते. पण तिच्यामागे डझनभर वेगवेगळी कारणे असू शकतात आणि त्यांतली बरीचशी वरवर एकमेकांसारखी दिसतात. कधी पडदा कोरा राहतो, कधी अगम्य चिन्हे उमटतात, कधी कर्नलचे (लिनक्सच्या गाभ्याचे) संदेश येतात पण लॉगिनची ओळ येत नाही, कधी ती ओळ येते पण कळा दाबूनही अक्षर उमटत नाही, आणि कधी सारे सुरळीत पार पडून शेवटी पासवर्डच नाकारला जातो. अशा वेळी केबल बदलून पाहा, वेग बदलून पाहा, इमेज (उपकरणात भरायची तयार प्रणाली) पुन्हा टाकून पाहा, अशी चाचपडत केलेली दुरुस्ती एखाद्या वेळी लागू पडते. पण दोष नेमका कुठे होता हे कळत नाही आणि काही दिवसांनी तो पुन्हा समोर उभा राहतो.

त्याऐवजी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तार एकच असली तरी तिच्यावर बोलणारे चार जण आहेत. आधी बूटलोडर (कर्नलला सुरू करणारा प्रोग्राम) बोलतो, मग कर्नल, मग इनिटने (कर्नलनंतर चालणाऱ्या पहिल्या प्रोग्रामने) सुरू केलेला गेटी, जो लॉगिनची ओळ छापतो, आणि शेवटी पासवर्ड तपासणारा लॉगिन. यांतला प्रत्येक जण पोर्ट आपापल्या पद्धतीने उघडतो आणि आपापल्या मांडणीवर चालतो. त्यामुळे एकाचे नीट चालले म्हणजे पुढच्याचेही चालेल असे मुळीच नाही. म्हणून तपासाचा पहिला प्रश्न असा असावा की, शेवटची नीट वाचता आलेली ओळ कोणाची होती? त्याचे उत्तर मिळाले की निम्मी कारणे आपोआप बाद होतात.

या लेखात आज्ञा, फाइलींची नावे आणि संदेश उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. टंकताना ते अर्थातच मूळ रोमन अक्षरांत टाकायचे आहेत.

तारेपासून सुरुवात

पडदा पूर्ण कोरा असेल, म्हणजे बूटलोडरचीही ओळ दिसत नसेल, तर लिनक्सकडे वळण्याचे काहीच कारण नाही. तीन तारा तपासाव्यात: ग्राउंडला ग्राउंड, उपकरणाचा टीएक्स (पाठवण्याची पिन) संगणकाला लावलेल्या सीरियल अ‍ॅडॅप्टरच्या आरएक्सला (घेण्याच्या पिनेला) आणि उपकरणाचा आरएक्स अ‍ॅडॅप्टरच्या टीएक्सला. ग्राउंडची तार राहून गेली तरी काही वेळा अक्षरे येतात, कारण दोन्ही उपकरणांचे ग्राउंड दुसऱ्याच एखाद्या वाटेने जोडलेले असते. पण ती अक्षरे मधूनमधून बिघडतात आणि माणूस वेगाच्या मागे लागतो.

टीएक्स कोणता याविषयी शंका असेल तर मल्टिमीटर पुरेसा आहे. यूएआरटीची (सीरियल पोर्ट चालवणाऱ्या चिपच्या भागाची) टीएक्स तार काही पाठवत नसताना वरच्या पातळीवर असते, म्हणजे ग्राउंडच्या तुलनेत ती ३.३ किंवा १.८ व्होल्ट दाखवते, आणि बूट होताना मल्टिमीटरवरचा आकडा थरथरतो. याच मोजणीतून दुसरी महत्त्वाची गोष्ट कळते, ती म्हणजे व्होल्टेजची पातळी. १.८ व्होल्टच्या बोर्डाला ३.३ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर लावू नये, आणि जुन्या नऊ पिनांच्या आरएस-२३२ पोर्टाला तर बोर्डाच्या पिना थेट कधीच जोडू नयेत. तिथे ऋण आणि धन अशा मोठ्या व्होल्टेजचे संकेत असतात, त्यांची दिशाही उलटी असते आणि चिप कायमची निकामी होऊ शकते.

आणखी एक चमत्कारिक लक्षण पाहण्यासारखे आहे. अ‍ॅडॅप्टर संगणकाला न लावता नुसता बोर्डाला अडकवून ठेवला, की उपकरण कधीकधी बूटच होत नाही. बोर्डाची आरएक्स तार अधांतरी राहिल्याने तिच्यावर गोंगाट पकडला जातो, यू-बूट या बूटलोडरला तो कळ दाबल्यासारखा वाटतो आणि स्वयंचलित बूट थांबवून तो आपल्या प्रॉम्प्टवर वाट पाहत बसतो. उपकरण मेलेले नसते, ते आपल्या आज्ञेची वाट पाहत असते. उलट बाजूने, बोर्डाचा वीजपुरवठा काढूनही अ‍ॅडॅप्टरच्या टीएक्समधून थोडी वीज आत झिरपत राहते. अशा वेळी ‘बंद करून चालू केले’ हे विधान खरे नसते. खात्रीचा पुनरारंभ हवा असेल तर सीरियलची केबलही काढावी.

संगणकाची बाजू

अ‍ॅडॅप्टरच दोषी आहे का, हे पाहण्याची सर्वांत सोपी चाचणी म्हणजे त्याच्या टीएक्स आणि आरएक्स पिना एकमेकांना जोडून टर्मिनल प्रोग्राममध्ये काहीतरी टंकणे. अक्षरे परत आली तर अ‍ॅडॅप्टर, त्याचा ड्रायव्हर आणि प्रोग्राम हे तिन्ही ठीक आहेत. मात्र या चाचणीतून वेग बरोबर असल्याचे सिद्ध होत नाही, कारण पाठवणारा आणि घेणारा एकच असल्यामुळे दोघांचाही वेग सारखाच चुकलेला असतो.

लिनक्स संगणकावर पोर्ट उघडताना परवानगी नाकारली गेली तर वापरकर्ता डेबियन-उबुंटूत डायलआउट आणि आर्चमध्ये यूयूसीपी या गटात आहे का ते पाहावे. गटात टाकल्यानंतर पुन्हा लॉगिन करावे लागते, हे विसरले जाते. पोर्ट दिसून लगेच नाहीसे होत असेल तर डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या संदेशांत, शोध घ्यावा. उबुंटू २२.०४ मध्ये ब्रेलसाठीचा बीआरएलटीटीवाय हा प्रोग्राम सीएच३४० चिपचे अ‍ॅडॅप्टर आपलेच समजून ताब्यात घेत असे, आणि मोडेम मॅनेजर ही सेवाही नव्याने लागलेल्या काही पोर्टांवर मोडेमच्या आज्ञा पाठवून पाहते. उपकरणाच्या लॉगिनच्या ओळीवर आपण न टंकलेली ‘एटी’ ही अक्षरे दिसली तर संशय तिच्यावर घ्यावा.

टर्मिनल प्रोग्रामांत मी स्वतः पिकोकॉमला झुकते माप देतो, कारण तो उघडताच आपली सारी मांडणी छापून दाखवतो. त्याचा मूळ वेग मात्र ९६०० असतो, त्यामुळे वेग आज्ञेतच द्यावा. मिनिकॉमविषयी पुढे वेगळे सांगतो, कारण त्याने माझा एक अख्खा दिवस खाल्ला आहे.

वेग आणि चौकट

बहुतेक बोर्डांचा कन्सोल ११५२०० बॉड (दर सेकंदाला इतके बिट), आठ बिट, पॅरिटी (चूक पकडण्याचा जादा बिट) नाही, एक स्टॉप बिट असा असतो. या वेगाला एक बिट साधारण ८.६८ मायक्रोसेकंद टिकतो आणि सुरुवातीचा व शेवटचा बिट धरून एका अक्षराला दहा बिट लागतात. काही रॉकचिप बोर्डांवर मात्र १५,००,००० बॉड असतो. हा आकडा विचित्र वाटतो, पण त्यांच्या २४ मेगाहर्ट्झच्या घड्याळाला १६ ने भागले की नेमका तोच येतो. इथे अ‍ॅडॅप्टरची मर्यादा आड येऊ शकते. उदाहरणार्थ, मूळ सीपी२१०२ चिप दहा लाख बॉडच्या वर जात नाही, त्यामुळे प्रोग्रामात वेग बरोबर लिहूनही कचराच दिसतो.

कचऱ्याकडे जरा निरखून पाहिले तर तोही बोलतो. सारीच अक्षरे चुकीची असतील आणि संख्येने फारच कमी येत असतील तर आपला वेग उपकरणापेक्षा मंद आहे. ९६०० वर बसून ११५२०० ऐकताना आपल्या एका अक्षराच्या वेळेत तिकडून बारा अक्षरे निघून जातात. काही अक्षरे बरोबर आणि काही ठरावीक अक्षरेच नेहमी बिघडलेली, असे असेल तर वेग बरोबर असून चौकट (अक्षरातल्या बिटांची मांडणी) चुकली आहे. उपकरण सात बिट आणि सम पॅरिटीने पाठवत असेल आणि आपण आठ बिट, बिनपॅरिटी ऐकत असू, तर ज्या अक्षरात एकांची संख्या विषम आहे त्याचा वरचा बिट चढलेला दिसतो. अशा वेळी इंग्रजीतील ‘लॉगिन’ या शब्दाचे एल, ओ आणि आय हे नीट उमटतात. जी आणि एन मात्र प्रत्येक वेळी बिघडतात. इतके नियमित बिघडणे गोंगाटाचे असूच शकत नाही.

सुरुवातीला ठीक आणि पुढे बिघाड, हे तिसरे लक्षण. बूटलोडरच्या ओळी वाचता येतात आणि कर्नल सुरू होताच कचरा सुरू होतो, तर दोघांना दिलेले वेग वेगळे आहेत किंवा यूएआरटीला घड्याळ पुरवणारी मांडणी कर्नलने बदलली आहे. रास्पबेरी पाय ३ वर याचे ठळक उदाहरण आहे: तिथे मुख्य यूएआरटी ब्लूटूथला दिलेला असतो आणि पिनांवर मिनी यूएआरटी येतो, ज्याचा वेग कोअरच्या घड्याळाबरोबर हलतो. कॉन्फिग फाइलमध्ये ‘एनेबल_यूएआरटी=१’ लिहिल्यावर ते घड्याळ स्थिर धरले जाते.

कर्नल बोलतो आणि मग गप्प होतो

यू-बूटची ‘स्टार्टिंग कर्नल’ ही ओळ दिसून पुढे शांतता असेल तर कर्नल बंद पडला असे लगेच मानू नये. तो दुसऱ्याच पोर्टावर बोलत असण्याची शक्यता अधिक. कर्नलच्या बूट ओळीत (सुरू होताना त्याला दिलेल्या पर्यायांच्या ओळीत) ‘कन्सोल=’ या शब्दानंतर येणारे नाव ड्रायव्हरनुसार बदलते: ८२५० घराण्याच्या यूएआरटीला टीटीवायएस०, पीएल०११ ला टीटीवायएएमए०, आय.एमएक्सला टीटीवायएमएक्ससी०, झिंकला टीटीवायपीएस०, एसटीएम३२ ला टीटीवायएसटीएम०. टीआयच्या ओमॅप घराण्यात जुन्या ड्रायव्हरचे टीटीवायओ० हे नाव नव्या ड्रायव्हरबरोबर टीटीवायएस० झाले, आणि केवळ कर्नल अद्ययावत केल्यामुळे कन्सोल हरवण्याचे हे एक नेहमीचे कारण ठरले. तेव्हा जुन्या मांडणीतून बूट ओळ नक्कल करून आणण्याआधी नव्या कर्नलमध्ये ड्रायव्हर कोणता आहे ते पाहावे.

बूट ओळीत ‘अर्लीकॉन’ टाकल्यास खरा ड्रायव्हर येण्याआधीचे संदेशही दिसतात. त्यानंतर ‘बूटकन्सोल डिसेबल्ड’ अशी ओळ येऊन सारे शांत झाले, तर तात्पुरता कन्सोल काढला गेला पण त्याची जागा घेणारा नीट बोलत नाही असे समजावे. ‘कीप_बूटकॉन’ हा पर्याय देऊन पुढचे संदेश वाचता येतात. ‘क्वाएट’ हा शब्द बूट ओळीत असेल तर तपास पूर्ण होईपर्यंत काढून टाकावा. तो राहून गेल्यामुळे निरोगी उपकरणावर घाम गाळलेले लोक मी पाहिले आहेत.

एकाहून अधिक ‘कन्सोल=’ दिले असतील तर कर्नलचे संदेश त्या सगळ्यांवर जातात, पण /डेव्ह/कन्सोल मात्र शेवटच्या नावाला जोडला जातो. त्यामुळे ‘कन्सोल=टीटीवायएस०,११५२०० कन्सोल=टीटीवाय०’ असा क्रम असेल तर सीरियलवर कर्नल दिसतो, पण इनिटचे संदेश आणि /डेव्ह/कन्सोलवर लावलेला गेटी पडद्याच्या दिशेने निघून जातात. क्रम उलटा केला की प्रश्न सुटतो. उपकरणात एसएसएचने, म्हणजे नेटवर्कवरून, शिरता येत असेल तर /प्रॉक/कन्सोल्स ही फाइल वाचावी. ज्या ओळीत कंसात मोठे सी अक्षर आहे तोच /डेव्ह/कन्सोल.

आता या सगळ्या विषयातला मला सर्वांत फसवा वाटणारा भाग. कर्नल आपले संदेश छापताना यूएआरटीच्या रजिस्टरात एकेक अक्षर ढकलतो आणि ते गेले का हे स्वतः विचारत राहतो. त्याला इंटरप्ट (हार्डवेअरने प्रोसेसरला दिलेली सूचना) लागत नाही. गेटी किंवा शेल लिहू लागतात तेव्हा मात्र तेच काम इंटरप्टने किंवा डीएमएने (प्रोसेसरला मध्ये न घेता थेट मेमरीतून) होते. म्हणजे डिव्हाइस ट्रीमध्ये (कर्नलला हार्डवेअरचे वर्णन देणाऱ्या फाइलीत) यूएआरटीचा इंटरप्ट क्रमांक चुकला असेल, किंवा डीएमएची वाहिनी चुकीची दिली असेल, तरी कर्नलचा शेकडो ओळींचा संदेशप्रवाह व्यवस्थित येतो, ‘रन /एसबिन/इनिट अ‍ॅज इनिट प्रोसेस’ ही ओळही येते आणि त्यानंतर काहीच येत नाही. पाहणाऱ्याला वाटते की रूट फाइलसिस्टिम बिघडली. पडताळा सोपा आहे: एसएसएचने आत जाऊन /प्रॉक/इंटरप्ट्स वाचावी, सीरियलवर दहा-वीस कळा दाबाव्यात आणि ती फाइल पुन्हा वाचावी. यूएआरटीच्या ओळीतला आकडा हलला नाही तर गेटीला दोष देण्यात अर्थ नाही.

याचा चुलत भाऊ म्हणावा असा दोष घड्याळांचा. कर्नल बूटच्या शेवटी कोणी न मागितलेली घड्याळे बंद करतो; यूएआरटीच्या ड्रायव्हरने आपले घड्याळ नीट मागितले नसेल तर त्या क्षणी कन्सोल गोठतो. बूट ओळीत ‘सीएलके_इग्नोर_अनयूज्ड’ घालून तो जिवंत राहिला तर निदान झाले. हा उपाय मात्र तपासापुरताच ठेवावा. खरी दुरुस्ती डिव्हाइस ट्रीमध्ये करावी.

८२५० घराण्याच्या पोर्टांसाठी /प्रॉक/टीटीवाय/ड्रायव्हर/सीरियल ही फाइल म्हणजे तयार निदानपत्रिकाच आहे. तिच्यात प्रत्येक पोर्टापुढे टीएक्स आणि आरएक्स यांचे आकडे, आणि चुका झाल्या असतील तर एफई म्हणजे चौकटीच्या चुका, बीआरके म्हणजे ब्रेक आणि ओई म्हणजे ओसंडून गेलेली अक्षरे दिलेली असतात. आपण टंकताना आरएक्स वाढत नसेल तर अक्षर पोर्टापर्यंत पोहोचतच नाही. आरएक्सबरोबर एफईही वाढत असेल तर वेग चुकला आहे. दोन्ही निरोगी असूनही लॉगिन हलत नसेल तर दोष वरच्या थरात आहे, तेव्हा मल्टिमीटर बाजूला ठेवावा.

गेटी कुठे आहे?

कर्नलचे संदेश संपले, सेवा सुरू झाल्या, पण लॉगिनची ओळ नाही. इथे आधी एंटर दाबून पाहावे. ओळ कर्नलच्या उशिरा आलेल्या संदेशांत बुडालेली असू शकते, आणि बिझीबॉक्सच्या (छोट्या उपकरणांसाठीच्या आज्ञासंचाच्या) ‘आस्कफर्स्ट’ मांडणीत तर एंटर दाबल्याशिवाय शेल सुरूच होत नाही. एंटरला उत्तर नसेल तर त्या पोर्टावर गेटी चालू आहे का, हे पीएस या आज्ञेने मिळणाऱ्या चालू प्रोग्रामांच्या यादीत पाहावे.

बिझीबॉक्सच्या इनिटमध्ये /ईटीसी/इनिटटॅबमधली ओळ साधारण अशी असते: ‘टीटीवायएस०::रीस्पॉन:/एसबिन/गेटी -एल टीटीवायएस० ११५२०० व्हीटी१००’. यातले एल मोठे आहे आणि त्याला महत्त्व आहे. त्यामुळे पोर्ट स्थानिक मानला जातो आणि मोडेमच्या कॅरियर संकेताची वाट पाहिली जात नाही. तीन तारांच्या जोडणीत तो संकेत कधी येणारच नसतो, म्हणून हा पर्याय गाळला तर गेटी चालू दिसतो पण ओळ छापत नाही. बिझीबॉक्समध्ये पहिला रकाना म्हणजे पोर्टाचे नाव असते, तर जुन्या सिस्टिम-व्ही इनिटमध्ये तो नुसता ओळखीचा शब्द असतो. सिस्टिम-व्हीची ‘एस०’ ने सुरू होणारी ओळ बिझीबॉक्सच्या फाइलीत चिकटवली की तो /डेव्ह/एस० नावाचे पोर्ट शोधू लागतो आणि ते सापडत नाही. सिस्टिम-व्हीत गेटी पुन्हापुन्हा मरत असेल तर ‘रीस्पॉनिंग टू फास्ट: डिसेबल्ड फॉर ५ मिनिट्स’ असा संदेश येतो, पोर्टाचे नाव किंवा गेटीचा मार्ग चुकल्याची ही जवळजवळ हमखास खूण आहे. इमेज बनवण्यासाठी बिल्डरूट वापरणाऱ्यांनी गेटीचा पोर्ट मेनूतून आणि योक्टो वापरणाऱ्यांनी ‘सीरियल_कन्सोल्स’ या चलातून बदलावा; ‘११५२००;टीटीवायएस०’ असे त्याचे रूप असते. तयार झालेल्या इमेजमध्ये हाताने केलेली दुरुस्ती पुढच्या बिल्डमध्ये पुसली जाते.

सिस्टिमडी या इनिटमध्ये गेटी बहुधा आपोआप जन्माला येतो: बूट होताना एक जनरेटर कर्नलचे चालू कन्सोल पाहतो आणि ‘सीरियल-गेटी@टीटीवायएस०’ ही सेवा तयार करतो. म्हणजे बूट ओळीतला कन्सोल चुकला तर गेटीही चुकतो. अशा वेळी आधी बूट ओळ दुरुस्त करावी. ‘अ स्टार्ट जॉब इज रनिंग फॉर डेव्ह-टीटीवायएस०.डिव्हाइस’ अशी ओळ दीड मिनिट रेंगाळून मुदत संपल्याचे कळवत असेल तर पोर्ट अस्तित्वात आहे पण यूडेव्हने (उपकरणांची नोंद ठेवणाऱ्या सेवेने) त्याची वर्दी सिस्टिमडीला दिलेली नाही. स्वतः छाटलेल्या कर्नलमध्ये ‘कॉन्फिग_एफहँडल’ हा पर्याय गाळलेला असणे हे याचे प्रसिद्ध कारण आहे.

आणि एका पोर्टावर दोन गेटी असतील तर? हे लक्षण एकदा पाहिले की विसरत नाही. आपण ‘रूट’ टंकतो आणि त्यातली दोन अक्षरे एका गेटीला, उरलेली दुसऱ्याला जातात. पडद्यावर अर्धवट शब्द दिसतात, लॉगिनची ओळ दोनदा येते आणि पासवर्ड कितीही काळजीपूर्वक टंकला तरी चुकतो. /डेव्ह/कन्सोलवर एक आणि टीटीवायएस० वर दुसरा गेटी लावला की हेच होते, कारण दोन्ही नावे शेवटी एकाच यूएआरटीकडे जातात. त्यांतला एक काढावा. त्याच पोर्टावर जीपीएसची सेवा किंवा स्वतःचाच अनुप्रयोग बसला असेल तरी परिणाम हाच. ‘फ्यूजर’ ही आज्ञा पोर्ट कोणी धरून ठेवले आहे ते सांगते.

ओळ दिसते, पण टंकता येत नाही

आता मिनिकॉमकडे. त्यात हार्डवेअर फ्लो कंट्रोल मुळातच चालू असते. तीन तारांच्या जोडणीत सीटीएस (‘पाठवा’ असे सांगणारा) संकेत येत नाही, म्हणून संगणक ‘समोरचा तयार नाही’ असे समजून एकही अक्षर पाठवत नाही. उपकरणाकडून येणारी अक्षरे मात्र बिनबोभाट दिसत राहतात. एका नव्या बोर्डावर मी याच अवस्थेत सकाळपासून डिव्हाइस ट्रीमधली आरएक्सची पिन तपासत होतो, ऑसिलोस्कोप लावला तेव्हा कुठे दिसले की आरएक्सच्या तारेवर काही येतच नाही, आणि मग नजर पहिल्यांदा आपल्याच संगणकाकडे वळली. कंट्रोल-ए, मग ओ, मग सीरियल पोर्टची मांडणी आणि तिथे एफ, एवढ्याने ते बंद होते. नंतर ही मांडणी मूळ म्हणून जतन करावी. चुकून कंट्रोल-एस दाबल्यानेही पडदा गोठतो, तेव्हा कंट्रोल-क्यू.

मिनिकॉम निर्दोष ठरला तर यू-बूटच्या प्रॉम्प्टवर टंकून पाहावे. तिथे अक्षरे उमटत असतील तर तार ठीक आहे आणि लिनक्समधली आरएक्स पिनेची मांडणी किंवा इंटरप्ट संशयित आहे. तिथेही उमटत नसतील तर तारेकडे परत जावे, मात्र यू-बूट मुद्दाम बंदिस्त केलेला नाही ना, हे आधी पाहावे.

पासवर्ड नाकारला जातो

‘लॉगिन इनकरेक्ट’ या संदेशाचा अर्थ पासवर्ड चुकला असा घेतला जातो, पण तो संदेश मुद्दामच मोघम ठेवलेला आहे. रूट म्हणून एसएसएचने शिरता येते पण सीरियलवर नाही, असे असेल तर आधी /ईटीसी/सिक्युअरटीटीवाय पाहावी. ही फाइल असेल आणि तिच्यात आपल्या पोर्टाचे नाव नसेल तर बरोबर पासवर्डही नाकारला जाऊ शकतो. नाव /डेव्ह/ न लावता, नुसते टीटीवायएमएक्ससी० असे, स्वतंत्र ओळीवर लिहावे.

त्यानंतर /ईटीसी/शॅडो, म्हणजे पासवर्ड साठवणारी फाइल. रूटच्या ओळीतला दुसरा रकाना ‘*’ असेल किंवा ‘!’ ने सुरू होत असेल तर पासवर्डने शिरण्याची वाट मुद्दाम बंद केलेली आहे. तिथे हॅश (पासवर्डचे सांकेतिक रूप) असेल तर त्याची सुरुवात पाहावी: डॉलरच्या दोन चिन्हांमध्ये १ म्हणजे एमडी५, ५ म्हणजे एसएचए-२५६, ६ म्हणजे एसएचए-५१२ आणि वाय म्हणजे येसक्रिप्ट. डेबियन ११ सारख्या नव्या वितरणांत पासवर्ड येसक्रिप्टने साठवला जातो. तो हॅश तसाच उचलून मसल या सी लायब्ररीच्या इमेजमध्ये टाकला तर ती लायब्ररी तो ओळखतच नाही आणि कोणताही पासवर्ड जुळत नाही. ‘ओपनएसएसएल पासडब्ल्यूडी -६’ या आज्ञेने एसएचए-५१२ चा हॅश बनवावा. तो बिल्ड स्क्रिप्टमध्ये टाकताना एकेरी अवतरणचिन्हांत ठेवावा, नाहीतर शेल डॉलर आणि ६ यांना चल समजून गिळतो आणि शॅडोत हॅशचे धड तेवढे उरते. मेकफाइलमध्ये डॉलर दोनदा लिहावा लागतो. इमेज तयार झाल्यावर आतली शॅडो फाइल उघडून हॅशची सुरुवात डोळ्यांनी पाहण्याची सवय लावून घ्यावी.

शॅडोतला तिसरा रकाना म्हणजे पासवर्ड शेवटचा कधी बदलला, १ जानेवारी १९७० पासूनच्या दिवसांत. तो ० असेल तर लॉगिन होताच पासवर्ड बदलण्याची सक्ती होते. रूट फाइलसिस्टिम फक्त-वाचनीय असेल तर तो बदलता येत नाही आणि वापरकर्ता पुन्हा बाहेर फेकला जातो.

पासवर्ड स्वीकारला जाऊन क्षणात पुन्हा लॉगिनची ओळ येत असेल, तर बहुधा शेलच जागेवर नाही. /ईटीसी/पासडब्ल्यूडीच्या शेवटच्या रकान्यात /बिन/बॅश लिहिलेले असते आणि इमेजमध्ये फक्त बिझीबॉक्सचा /बिन/एसएच असतो. पाम (लॉगिनची पडताळणी करणारी मॉड्यूलांची व्यवस्था) वापरणाऱ्या इमेजमध्ये /ईटीसी/पाम.डी/लॉगिनमध्ये उल्लेखलेले एखादे मॉड्यूल इमेजमध्ये नसेल तर सगळ्यांचेच लॉगिन अडू शकते. फक्त सामान्य वापरकर्ते अडत असतील आणि रूट शिरत असेल तर /ईटीसी/नोलॉगिन किंवा /रन/नोलॉगिन राहून गेली आहे का पाहावे. सिस्टिमडी दुसरी फाइल बूट पूर्ण होईपर्यंत ठेवते, म्हणून ती हटत नसेल तर एखादी सेवा अडकली आहे.

मागच्या दाराने

एसएसएच नाही आणि लॉगिनही नाही, अशा वेळी उपकरण आपले असेल आणि यू-बूट खुला असेल, तर आत शिरण्याची वाट बूट ओळीतून जाते. यू-बूट थांबवून ‘प्रिंटएन्व्ह’ने सध्याची मांडणी वाचावी, तिची प्रत उतरवून ठेवावी आणि ‘बूटआर्ग्स’च्या शेवटी ‘इनिट=/बिन/एसएच’ जोडून ‘बूट’ द्यावे. पुष्कळ बोर्डांवर बूट स्क्रिप्ट ‘बूटआर्ग्स’ नव्याने रचते आणि आपली भर पुसून टाकते. तेव्हा ती स्क्रिप्ट ज्या चलातून मजकूर घेते त्यातच भर घालावी लागते. ‘सेव्हएन्व्ह’ मात्र देऊ नये, म्हणजे पुढच्या बूटला सारे पूर्ववत असेल.

शेल आला की ‘जॉब कंट्रोल टर्न्ड ऑफ’ असा इशारा दिसतो. तो निरुपद्रवी आहे, फक्त कंट्रोल-सी चालत नाही, म्हणून न थांबणारी आज्ञा देऊ नये. प्रॉक जोडावे, रूट फाइलसिस्टिम ‘माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू /’ ने लिहिण्याजोगी करावी, शॅडो किंवा इनिटटॅब दुरुस्त करावी आणि ‘सिंक’ देऊन फाइलसिस्टिम पुन्हा फक्त-वाचनीय करावी. इथे इनिटच्या जागी शेल असल्यामुळे साधे ‘रीबूट’ चालत नाही. ‘रीबूट -एफ’ द्यावे. शेलमधून ‘एक्झिट’ केले तर कर्नल पॅनिक होतो.

दुरुस्तीनंतरची चाचणी नुसत्या रीबूटवर सोडू नये. वीज आणि सीरियलची केबल दोन्ही काढून, काही सेकंद थांबून, आधी केबलविना एकदा बूट करावे. मग चालू उपकरणाला केबल लावून एंटर दाबावे आणि रूटखेरीज आणखी एका वापरकर्त्याने आत शिरून पाहावे.